शोकेसमधला चेहरा

महाडच्या बाजारपेठेतला जुना फोटो स्टुडिओ आठवून बघा. बाहेर काचेची शोकेस. वरच्या रांगेत एखादी गाजलेली नटी, तिच्या खाली मुंडावळ्या बांधलेली नवरी आणि पावडर लावून बसवलेलं बाळ. आत रंगवलेला पडदा, लाकडी स्टूल, दोन दिवे. फोटोग्राफर हनुवटीला दोन बोटं लावून मान जराशी वळवायचा आणि म्हणायचा, "आता हलू नका." पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं पेटीतले ठेवणीतले कपडे घालून एसटीने यायची, ती या एका क्षणासाठी. वरची ती नटी गिऱ्हाइकाला एवढंच सांगत असायची, की बस, तुझाही असाच येईल.

नामवंताचा चेहरा आणि आपला चेहरा एकाच काचेमागे ठेवणारी फोटो स्टुडिओ ही आपल्या समाजातली मोठी संस्था आहे. तिला घटना नाही, अध्यक्ष नाही, म्हणून तिचा इतिहास कुणी मांडत नाही. तो मांडायला हवा.

सुरुवात मुंबईत झाली. 1854 मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरू लागला. त्या वर्गात शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला आणि राजेरजवाडे, नामवंत माणसं त्यांच्यापुढे येऊन बसली. कॅमेरा हे साहेबाचं यंत्र समजलं जात होतं तेव्हाची ही गोष्ट. स्थानिक तरुणांना शिकवणारा एक वर्ग निघाला आणि दहा-पंधरा वर्षांच्या आत हा धंदा आपल्या माणसांच्या हातात येऊ लागला. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले, त्यामागे हेच बळ होतं.

मधली शंभर वर्षं ओलांडून मी थेट गौतम राजाध्यक्षांपाशी येतो, कारण प्रसिद्ध चेहऱ्याचा त्यांच्याइतका विचार केलेला दुसरा मराठी फोटोग्राफर मला दिसत नाही. जन्म 16 सप्टेंबर 1950, मुंबईचा. सेंट झेवियर्सला रसायनशास्त्र शिकले, 1974 च्या सुमारास लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले. 1980 मध्ये शबाना आझमींचे फोटो काढायचा योग आला. मग टीना मुनीम, जॅकी श्रॉफ. शोभा डे यांच्या 'सेलिब्रिटी' मासिकातून त्यांचे फोटो आणि लेख येऊ लागले. 1987 मध्ये नोकरी सोडून ते पूर्ण वेळ याच कामाला लागले.

त्यांचा एखादा फोटो जवळ घेऊन बघा. मागे बहुतेक वेळा काहीच नाही, नुसता काळोख किंवा एकच रंग. उजेड गालावर अलगद उतरलेला. दागिने, कपडे जागच्या जागी असतात, पण आपली नजर जाते ती डोळ्यांकडे. पडद्यावर ज्यांना आपण नाचताना, रडताना पाहिलं, ती माणसं इथे घरच्यासारखी शांत बसलेली दिसतात. हे नुसत्या भिंगाने होत नाही. समोरच्याचा विश्वास मिळवावा लागतो, आणि राजाध्यक्ष तो बोलून, ऐकून मिळवत. म्हणूनच ते फोटोइतक्याच आपुलकीने त्या माणसाबद्दल लिहूही शकले. 1997 च्या 'फेसेस' या पुस्तकात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतच्या पिढ्या एकत्र आल्या. पुढे 'चेहरे' हे मराठी पुस्तक आलं. 'चंदेरी' या नियतकालिकाचं संपादनही त्यांनी केलं.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचा दिवा नवख्यांसाठीही तसाच लागायचा. 1992 चा 'बेखुदी' त्यांनी लिहिला; काजोलचा तो पहिला सिनेमा. उद्या जिचं नाव होणार आहे तिला आज, नाव नसताना, तितक्याच आदराने उजेडात बसवणं हा मोठेपणा आहे. 13 सप्टेंबर 2011 रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, ते गेले.

याच वाटेचं दुसरं टोक सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे, मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून वाढलेले. वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराला नामवंतांचा सोहळा चुकत नाही, पण ओलव्यांनी आपली वर्षं घातली मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर. गटारात उतरलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी भिंतीवर आणला. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट ही संस्था त्यांनी उभी केली आणि 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शोकेसच्या वरच्या रांगेत कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला.

महाडला हा प्रश्न जुना आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, ते माणूस म्हणून दिसण्यासाठीच. आजही 20 मार्चला तळ्यावर आणि जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याला रायगडावर कॅमेरे येतात. 2016 च्या ऑगस्टमध्ये सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हा आले. 22 जुलै 2021 ला महाड बुडालं, तळिये गावावर आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीवर दरड आली, तेव्हाही आले. येतात आणि जातात. विरेश्वराच्या छबिन्यात नाचणारा पोर, उमरठच्या रस्त्यावर गुरं घेऊन निघालेली आजी, औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून परतणारा कामगार यांचे चेहरे टिपायचे तर इथलाच कुणीतरी हवा. तशी पोरं आहेत. लग्नाच्या ऑर्डरी घेतात, भाड्याने लेन्स आणतात, आणि उरलेल्या वेळात काढलेले चांगले फोटो मोबाइलमध्येच राहतात. त्यांना टांगायला भिंत मिळत नाही.

पुरानंतर बाजारपेठेत घरोघरी अल्बम वाळत टाकले होते. पानाला पान चिकटलेलं, ओढलं की चेहराच निघून यायचा. कित्येक घरांत वारलेल्या आजोबांचा तेवढाच एक फोटो होता, कधीतरी स्टुडिओत त्या स्टुलावर बसून काढलेला.

म्हणून वाचकांना एक मागणं. पावसाळ्याआधी माळ्यावरचे अल्बम खाली काढा. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव आणि गाव लिहा. आपल्या आळीत ज्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात बरा कॅमेरा आहे, त्यांच्याकडून त्या फोटोंच्या प्रती करून घ्या आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. शाळेचा, वाचनालयाचा हॉल ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी वर्षातून आठ दिवस एक भिंत या मुलांना मोकळी करून द्यावी.