महाराष्ट्रातील प्रौढशिक्षण : इतिहास व आपले कर्तव्य

आपल्या ज्ञातिमंडळाने मुलांच्या शिक्षणाविषयी आजवर जी आस्था बाळगली, तिचे प्रत्यंतर या स्मरणिकेत दरवर्षी छापल्या जाणाऱ्या गुणवंतांच्या छायाचित्रांवरून येते. परंतु या गुणवंतांना मांडीवर खेळविणाऱ्या आजी-आजोबांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पिकल्या वयात अक्षरे गिरवून काय साधावयाचे, असाच आपला सर्वसाधारण समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे महाराष्ट्राच्या इतिहासाकडे दृष्टी टाकली असता सहज ध्यानात येते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीच १८५५ साली आपल्या राहत्या घरी प्रौढांसाठी रात्रशाळा सुरू केली, हे मात्र फार थोड्यांस स्मरते. दिवसभर कष्ट करून दमलेले शेतकरी व मजूर तेथे येत आणि जोतीराव व सावित्रीबाई त्यांना शिकवीत. पुढे १९११ साली मुंबईत ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर या कार्यास सरकारी पाठबळ लाभले आणि १९३९ मध्ये मुंबई शहरात साक्षरतेची मोठी मोहीम निघाली.

या सर्वांत एका संस्थानिकाची दूरदृष्टी विशेष मननीय आहे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटली, हातात पुस्तक राहिले नाही, की शिकलेले विसरले जाते, हे त्या चाणाक्ष राज्यकर्त्याने ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, गावोगावी वाचनालये उघडली आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यापाड्यांत धाडली. अक्षरज्ञान हे रोप होय आणि वाचन हे त्याचे पाणी, हे त्यांनी जाणले होते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या प्रांतात जी सर्वांत मोठी चळवळ झाली, ती ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ साली सातारा जिल्ह्यात तिचा प्रारंभ झाला आणि थोड्याच वर्षांत ती राज्यभर पसरली. शाळामास्तर व गावातील शिकलेली मंडळी विनावेतन शिकवीत आणि गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ थाटात होई.

माझे गाव याच जिल्ह्यातले. मोहीम आमच्या गावी आली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. माझी आई मला मांडीवर निजवून कंदिलाच्या उजेडात पाटी गिरवीत असे, असे वडीलधारी मंडळी सांगत. ती वाचावयास शिकली, सही करू लागली आणि गौरव समारंभाच्या दिवशी इतर बायांसमवेत मिरवणुकीत चालली. त्यानंतर वर्ग बंद झाला. घरात पंचांगावाचून छापील कागद नव्हता. दहा-बारा वर्षांनी जमिनीच्या एका कामासाठी ती कचेरीत गेली, तेव्हा मी सोबत होतो. कारकुनाने कागद पुढे केला. आई बराच वेळ त्याकडे पाहत राहिली. "तोंडं ओळखीची वाटतात रे, पण नावं आठवत नाहीत," असे ती हळूच मला म्हणाली आणि तिने अंगठा पुढे केला. माझ्या गावाचा गौरव झाला होता, ही गोष्ट खरी. माझ्या आईचा अंगठा पुन्हा शाईत बुडाला, ही गोष्टही तितकीच खरी.

पुढे मी शिक्षक झालो व परगावी राहू लागलो. दर आठवड्यास मी तिला मोठ्या, सुट्या अक्षरांत पोस्टकार्ड लिही आणि ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावयाचे नाही, अशी तिला गळ घाली. पहिल्या कार्डास तिला दोन दिवस लागले. वर्षभरात ती माझ्या शुद्धलेखनातील चुका काढू लागली! अखेरपर्यंत तिने पुन्हा कोठे अंगठा उठविला नाही.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मीही पुढे रात्रीचा वर्ग चालविला. तीस प्रौढ आणि दहा महिन्यांची मुदत, अशी योजना होती. मुदत संपल्यावरही शाळेतील गोष्टींची पुस्तके दर गुरुवारी मी त्या मंडळींना नेऊन देत असे. ही शिकवण मला आईच्या अंगठ्याने दिली होती.

त्यानंतर १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन होऊन शाळा सुटलेल्यांसही पदवीची वाट खुली झाली. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता ७५.८७ टक्के, म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांत जवळजवळ एक निरक्षर, असे आढळले. साक्षर म्हणून मोजल्या गेलेल्यांपैकी किती जणींना आज अक्षरांची नावे आठवतात, हे जनगणना सांगत नाही.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, सरकारी मोहिमा येतात आणि जातात. घर मात्र कायम असते. मंडळाच्या सभागृहात मोठ्या टाइपाच्या पुस्तकांचे एक कपाट ठेवावे आणि रविवारी तासभर वाचनवर्ग भरवावा, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. आणि ज्या मुलांची छायाचित्रे या स्मरणिकेत छापली आहेत, त्यांना एवढेच सांगणे की, हा अंक प्रथम आपल्या आजीच्या हाती द्यावा, शेजारी बसावे, आणि तिला आपले नाव स्वतः वाचू द्यावे.