घरून काम : सवलत की हक्क?

करोनाच्या साथीत जगभरातील कोट्यवधी नोकरदारांनी घराच्या एका कोपऱ्यात कार्यालय थाटले. मार्च २०२० मध्ये ही सोय जितक्या घाईने देण्यात आली, तितक्याच सहजपणे २०२२ पासून ती काढून घेतली जाऊ लागली. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एका ई-मेलपलीकडे काही लागले नाही. घरून काम करण्याची मुभा बहुतेक कंपन्यांत नेमणुकीच्या करारात कधी लिहिली गेलीच नव्हती. ती सवलत होती, आणि सवलत देणाऱ्याला ती मागेही घेता येते. कार्यालयात परत बोलावण्याच्या आदेशांवरून आज जो वाद सुरू आहे, त्याचे मूळ येथे आहे.

संकल्पना पन्नास वर्षांची

घरून काम ही कल्पना करोनाने जन्माला घातलेली नाही. अमेरिकेतील जॅक नाइल्स या अभियंत्याने १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. कर्मचाऱ्याने कामापर्यंत प्रवास करण्याऐवजी दूरसंचाराच्या साह्याने काम कर्मचाऱ्यापर्यंत न्यावे, हा त्यामागचा विचार होता. शहरांतील वाहतूककोंडी आणि त्याच सुमारास उद्भवलेले तेलसंकट यांमुळे त्याकडे लक्ष वेधले गेले. आयबीएम कंपनीने १९७९ मध्ये पाच कर्मचाऱ्यांच्या घरी संगणकाची टर्मिनल्स बसवून प्रयोग केला. १९८३ पर्यंत ही संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. २००९ मध्ये तर कंपनीचे जगभरातील सुमारे ४० टक्के कर्मचारी पारंपरिक कार्यालयाबाहेरून काम करीत होते.

माघारही जुनीच

परत बोलावण्याचा प्रकारही नवा नाही. याहू कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जूनपासून कार्यालयातच काम करण्याचा आदेश दिला. मरिसा मेयर यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. पाठोपाठ बेस्ट बाय या विक्रेता कंपनीने, कामाचे तास न मोजता केवळ निष्पत्ती मोजण्याची आपली प्रसिद्ध योजना गुंडाळली. २०१७ मध्ये ज्या आयबीएमने हा प्रयोग रुजवला, तिनेच अमेरिकेतील हजारो कर्मचाऱ्यांना ठराविक शहरांतील कार्यालयांत येण्यास सांगितले.

या तिन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. तिन्ही कंपन्या त्या काळात व्यवसायाच्या अडचणींशी झुंजत होत्या. कंपनी संकटात सापडली की व्यवस्थापनाला माणसे डोळ्यांसमोर हवीशी वाटतात, हे सूत्र तेव्हापासून दिसते.

भारतातील वाट

भारतात २०२० पूर्वी घरून काम करण्याच्या मार्गात नियमांचेच अडथळे होते. कॉल सेंटर आणि बीपीओ उद्योगाला दूरसंचार विभागाच्या नोंदणीच्या, अनामत रकमेच्या आणि जोडणीच्या अटी लागू होत्या. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांनी काम त्या क्षेत्रातूनच करणे अपेक्षित होते, कारण करसवलती त्या जागेशी बांधलेल्या होत्या. टाळेबंदी लागू होताच दूरसंचार विभागाने अटी शिथिल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदणीची अटच काढून टाकली. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आला. त्यात निम्म्या कर्मचाऱ्यांना एक वर्षापर्यंत घरून काम करू देण्याची तरतूद होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती आणखी सैल करण्यात आली.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ‘२५ बाय २५’ हे उद्दिष्ट जाहीर केले. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी केवळ २५ टक्के कर्मचारीच कार्यालयात असण्याची गरज राहील, असे त्याचे स्वरूप होते. अशा घोषणांवर विसंबून अनेक तरुणांनी पुण्या-मुंबईतील भाड्याची घरे सोडली आणि ते सातारा, कोल्हापूर, नाशिक, नागपूर येथील आपापल्या घरी परतले. आईवडिलांची देखभाल, मुलांची शाळा, गृहकर्ज यांची गणिते नव्याने मांडली गेली.

प्रत्यक्षात २०२५ उजाडण्यापूर्वीच चित्र पालटले. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. विप्रोने त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस, तर इन्फोसिसने २० नोव्हेंबरपासून कनिष्ठ व मध्यम श्रेणीतील कर्मचाऱ्यांना महिन्यातून दहा दिवस येणे बंधनकारक केले. एप्रिल २०२४ मध्ये टीसीएसने कामगिरीवर आधारित तिमाही मोबदला हजेरीशी जोडला. हजेरी ६० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास हा मोबदला शून्य आणि ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास पूर्ण, असे सूत्र ठरले. आवाहनाची जागा आदेशाने आणि आदेशाची जागा वेतनकपातीने घेतली, ती अशी.

परदेशातही हाच क्रम दिसतो. ज्यांच्या सेवेवर साऱ्या जगाच्या घरगुती बैठका चालल्या, त्या झूम कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यालयापासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलावले. अ‍ॅमेझॉनने २ जानेवारी २०२५ पासून पाचही दिवसांची हजेरी लागू केली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कार्यालयात परतण्याचा आदेश काढला.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. महाविद्यालयातून थेट नोकरीत आलेला तरुण शेजारी बसलेल्या ज्येष्ठाकडून जे सहज शिकतो, ते पडद्यावरून शिकणे अवघड असते. एका मोठ्या अमेरिकी कंपनीतील संगणक अभियंत्यांच्या अभ्यासात असे आढळले, की एकत्र बसणाऱ्या अभियंत्यांना आपल्या कामावर सहकाऱ्यांकडून अधिक सूचना मिळतात. अर्थात, शिकवण्यात वेळ गेल्याने ज्येष्ठांचे स्वतःचे काम मात्र काहीसे कमी होते. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या संपर्कनोंदींवर आधारलेल्या आणखी एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की सर्व जण घरून काम करू लागल्यावर कर्मचाऱ्यांचे गट आपापल्या कोषात गेले आणि गटांमधील संवाद आटला.

गोपनीयता हा दुसरा मुद्दा. परदेशी बँका आणि विमा कंपन्यांची माहिती हाताळणाऱ्या उद्योगाला तो टाळता येत नाही. तिसरा मुद्दा विश्वासाचा. घरी बसून एकाच वेळी दुसऱ्या कंपनीचेही काम करण्याच्या प्रकारावरून, म्हणजे ‘मूनलायटिंग’वरून, विप्रोने ३०० जणांना कामावरून काढल्याचे कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले होते.

अभ्यास काय सांगतात?

तथापि, घरून काम केल्याने काम कमी होते, हा सरसकट आक्षेप संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ दरम्यान नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र, समान कामगिरी असूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता घटली. एकाकीपणा हीदेखील मोठी तक्रार होती. प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या जणांनी कार्यालयाची वाट धरली.

याच कंपनीतील दुसरा प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू देण्यात आले. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, पण नोकरी सोडण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. म्हणजे पूर्णवेळ घर आणि पूर्णवेळ कार्यालय या दोन टोकांमध्ये एक मधला मार्ग आहे आणि तो कंपनीलाही किफायतशीर ठरू शकतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या परतीच्या आदेशांचा अभ्यास केला. त्यांनाही या आदेशांनंतर कंपन्यांची आर्थिक कामगिरी सुधारल्याचे आढळले नाही. कर्मचाऱ्यांचे समाधान मात्र घटले होते.

झळ कोणाला?

आदेश सर्वांसाठी एक असला तरी त्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात एक लक्षणीय नोंद आहे. एरवी नोकरी सोडणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे. त्या वर्षी ते अधिक झाले. साथीच्या काळात घरून काम करताना काही स्त्रियांच्या घरची घडी नव्याने बसली आणि त्यामुळे त्यांना कार्यालयात परतणे कठीण झाले असावे, असा अंदाज कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी व्यक्त केला होता. स्वयंपाक, मुले आणि आजारी ज्येष्ठ यांची जबाबदारी ज्या घरात एकट्या स्त्रीवर आहे, तेथे प्रवासात जाणारे रोजचे दोन-तीन तास नोकरी टिकणार की सुटणार, हे ठरवतात.

प्रवासाचा प्रश्न पुण्याच्या हिंजवडीत ठळकपणे दिसतो. तेथील माहिती तंत्रज्ञान नगरीला शिवाजीनगरशी जोडणाऱ्या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. २०२३ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांना परत बोलावण्यात आले तेव्हा तो मार्ग सुरू झालेला नव्हता. कंपन्यांनी दारे उघडली, पण त्या दारापर्यंतच्या रस्त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

अपंग कर्मचाऱ्यांची अडचण याहून बिकट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘वाजवी सोयी’ची कल्पना आहे. परंतु नोकरीत ती पुरवण्याचे बंधन कलम २० ने घातले आहे ते सरकारी आस्थापनांवर.

कायदा कोठे आहे?

घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने दिलेला नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, कामाचे स्वरूप तसे असल्यास प्रसूती रजेनंतर मालक व कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद कायम आहे. सेवा क्षेत्रासाठी केंद्राने तयार केलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून काम करण्याचा उल्लेख प्रथमच आला, पण तोही मालक ‘परवानगी देऊ शकेल’ अशा भाषेत. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. मात्र सवलतीचे हक्कात रूपांतर झाले नाही.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करण्याचा हक्क आहे. मालकाला ती नाकारता येते, पण कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण दाखवूनच. नेदरलँड्समध्ये याहून पुढे जाणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने संमत केले, परंतु २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले. म्हणजे युरोपातही हा प्रश्न निकाली निघालेला नाही. फरक एवढाच, की तेथे तो संसदेत चर्चिला जातो आणि येथे कंपनीच्या परिपत्रकात मिटवला जातो.

कर्मचाऱ्याने काय पाहावे?

तोवर कर्मचाऱ्याच्या हाती राहतो तो नेमणुकीचा कागद. बहुतेक नेमणूकपत्रांत कामाचे ठिकाण नमूद असते आणि ते बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखलेला असतो. घरून काम करण्याची मुभा मिळाली असेल, तर ती लेखी आहे का, तिला मुदत आहे का, ती मागे घेण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, हजेरीचा वेतनाशी आणि मूल्यमापनाशी काय संबंध आहे, या चार गोष्टी नोकरी स्वीकारतानाच विचाराव्यात. गावी परतण्याचा, घर विकण्याचा किंवा मुलांची शाळा बदलण्याचा निर्णय वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर घेऊ नये.

कंपनीला आपले कामकाज कसे चालवावे, हे ठरवण्याचा अधिकार आहे, यात वाद नाही. पण ज्या मुभेवर माणसे आपले संसार उभे करतात, ती देताना आणि काढून घेताना किमान मुदत, लेखी कारण आणि अपवाद मागण्याची सोय असावी, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. स्थायी आदेशांत त्यासाठी चार ओळींची जागा काढणे सरकारला अशक्य नाही.