मातीखालचा निरोप

पिकाला पाणी कधी द्यायचे, हे शेतकरी पूर्वापार मातीचे ढेकूळ मुठीत दाबून ठरवत आला. पण ढेकूळ वरचे आणि मुळे खोल. तिथली ओल कळावी म्हणून अमेरिकेतील मिशिगनच्या जॉर्ज बुयुकोस आणि मिक यांनी १९४० साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात दोन तारा बसवायच्या आणि तो मुळांशी पुरायचा. माती ओली झाली की ठोकळा पाणी शोषतो, तारांमधला विद्युतरोध घटतो. माती वाळली की वाढतो. प्लॅस्टरच का? मातीतल्या क्षारांमुळेही रोध बदलतो. घट्ट झालेले प्लॅस्टर म्हणजे जिप्सम. ते किंचित विरघळून ठोकळ्यातले पाणी संपृक्त ठेवते, त्यामुळे बाहेरच्या थोड्याफार क्षारांचा परिणाम झाकला जातो. अर्थात ठोकळाही हळूहळू झिजतो. (शाळेत हा प्रयोग जरूर करावा, मात्र कमी दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह घ्यावा, नाहीतर तारांपाशी विद्युत्अपघटन होऊन मापन चुकते.)

१९८० मध्ये कॅनडातील टॉप, डेव्हिस व अ‍ॅनन यांनी वेगळी वाट धरली. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५. स्थिरांक मोठा तितकी विद्युतचुंबकीय लहर मंद. मातीत खुपसलेल्या सळयांवरून स्पंद धाडून तो परतायला लागणारा वेळ मोजला, की ओल समजते.

मोजणे जमले, अडचण उरली तारेची. नांगर फिरला की तार तुटणार. २००६ साली जॉर्जिया तंत्रज्ञान संस्थेतील इयान अक्यिल्डिझ आणि एरिक स्टंटेबेक यांनी संवेदक, रेडिओ, अँटेना असे सगळेच पुरण्याची कल्पना तपशीलवार मांडली. आणि इथे गंमत झाली. जे मोजायचे, तेच पाणी आडवे आले! पाण्याचे ध्रुवीय रेणू लहरीतली ऊर्जा शोषतात, विरघळलेले क्षार त्यात भर घालतात. पाऊस पडला, म्हणजे सांगण्याजोगे काही घडले, की नेमका तेव्हाच निरोप क्षीण होतो. कमी वारंवारितेच्या लहरी जास्त दूर जातात, पण त्यांना अँटेना मोठी लागते. शिवाय बॅटरी संपली तर खणणे आलेच.

पुढे नेब्रास्का विद्यापीठात अग्नेलो सिल्वा व मेहमेत जान वुरान यांनी ४३३ मेगाहर्ट्झवर प्रयोग केले. २०१० मध्ये त्यांनी ग्राहक रेडिओ बसवला तो शेतात गोल फिरणाऱ्या तुषार सिंचनाच्या सांगाड्यावर. पाणी द्यायला निघालेले यंत्रच मग वाटेत खालच्या ओलीची खबर घेत जाते.