पन्नास हर्ट्झची राखण

विजेच्या जाळ्यात ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती लागते. हा मेळ बसला आहे की नाही, हे वारंवारतेवरून कळते. भारतात ती ५० हर्ट्झ ठरलेली आहे. मागणी वाढली की जनित्रांवर ताण येऊन ती मंदावतात आणि वारंवारता उतरते. मागणी घटली की ती चढते.

१९९०च्या दशकात भारतातील प्रादेशिक ग्रीड बेशिस्तीसाठी ओळखले जात. संध्याकाळी तुटवड्यामुळे वारंवारता खूप खाली जाई, तर मध्यरात्री मागणी ओसरली तरी अनेक केंद्रे निर्मिती कमी करत नसत आणि ती वर चढे. यावर उपाय म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाने उपलब्धतेवर आधारित दरप्रणाली आणली. १ जुलै २००२ रोजी ती सर्वप्रथम पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा ज्यात येतात त्या विभागात, लागू झाली. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला द्यावा लागणारा दर वारंवारतेशी जोडला गेला. वारंवारता जितकी खाली, तितकी वीज महाग. पैशाच्या या धाकाने शिस्त आली.

दरम्यान ग्रीड मोठे होत गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाला जोडले गेले आणि सगळ्या देशाची वारंवारता एक झाली. त्याआधी जुलै २०१२ च्या अखेरीस, लागोपाठ दोन दिवस, उत्तरेकडचे ग्रीड कोसळले होते. वाहिन्यांवरील अतिभार हे त्यामागचे मोठे कारण होते. केवळ दंडाच्या भरवशावर ग्रीड सांभाळता येत नाही, हाताशी राखीव क्षमता हवी, ही जाणीव या काळात पक्की झाली. २०१६ पासून औष्णिक केंद्रांतील शिल्लक क्षमता ग्रीडच्या मदतीला घेण्यात येऊ लागली.

परंतु बॉयलरवर चालणाऱ्या केंद्राचे उत्पादन हळूहळूच बदलते. तास पालटताना वारंवारतेत येणारे अचानक चढउतार आवरायला त्याहून चपळ साधन हवे होते. पाण्याच्या टर्बाइनचा झोत काही मिनिटांत कमी-जास्त करता येतो. म्हणून २६ नोव्हेंबर २०१८ पासून केंद्रीय जलविद्युत केंद्रांवर जलद प्रतिसाद सेवेची चाचणी सुरू झाली. सूचना आणि मोजमाप पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने होई. एका वेळी जास्त वापरलेले पाणी दुसऱ्या वेळी वाचवून दिवसाचा हिशेब जुळवला जाई, त्यामुळे केंद्राच्या वाट्याची वीज घटत नसे. मोबदला मिळे तो उत्पादन वर-खाली करण्याच्या कामाचा.

जलविद्युतेची खरी कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनाला प्रतिसाद मिळाला आणि देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. या वेळी जलविद्युत केंद्रांनी २५ मिनिटांत सुमारे १७,५०० मेगावॅट उत्पादन कमी केले आणि दिवे पुन्हा लागताच ते वाढवले. वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली.

२०२२च्या सहायक सेवा नियमांनी दुय्यम राखीव सेवेसाठी, म्हणजे वारंवारता सावरायला संदेशानुसार उत्पादन किंवा मागणी बदलण्याच्या सेवेसाठी, वीजकेंद्रांबरोबर ऊर्जासाठवण आणि मागणी कमी-जास्त करू शकणारे ग्राहक यांनाही दार उघडले. संदेश मिळताच ३० सेकंदांत प्रतिसाद सुरू करणे आणि १५ मिनिटांत पूर्ण क्षमता देणे, ही त्यासाठीची अट आहे.