रुग्णाला विचारण्याचा इतिहास : मूत्रपिंडाचा कर्करोग आणि जीवनगुणवत्तेचे मोजमाप

कर्करोगावरील औषधाची परीक्षा दोन मोजमापांवर होत आली आहे : गाठ किती आक्रसली आणि रुग्ण किती काळ जगला. तो काळ कसा गेला, हे तिसरे मोजमाप उशिरा आले. मूत्रपिंडाच्या कर्करोगात मात्र एका टप्प्यावर औषधाची निवड त्याच्यावरच येऊन ठेपली.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल यांनी ० ते १०० अशी श्रेणी मांडली. १०० म्हणजे कसलीही तक्रार नाही. ७० म्हणजे स्वतःचे आवरता येते, पण कामधंदा जमत नाही. ० म्हणजे मृत्यू. श्रेणी सुटसुटीत होती, म्हणून टिकली. १९९९ मध्ये रॉबर्ट मोट्झर आणि सहकाऱ्यांनी प्रगत मूत्रपिंड-कर्करोगाचे भवितव्य वर्तवण्यासाठी जे पाच निकष निवडले, त्यांत ८० पेक्षा कमी कार्नोफ्स्की गुण हा एक होता. परंतु हे गुण देत असे डॉक्टर. रुग्णाला काय करता येते ते त्यात दिसे. त्याला काय सोसावे लागते ते दिसत नसे.

१९९३ मध्ये दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध झाल्या : युरोपातील ३० प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’ आणि अमेरिकेत डेव्हिड सेला यांची ‘फॅक्ट-जी’. आता उत्तर रुग्णानेच द्यायचे होते. पुढे सेला यांच्या गटाने खास मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी १५ विधानांची ‘एफकेएसआय’ तयार केली. लघवीतून रक्त, ताप, हाडांतील वेदना, खोकला, धाप, भूक, झोप, आजार बळावण्याची धास्ती, अशा गोष्टी गेल्या सात दिवसांत किती जाणवल्या, हे ० ते ४ या मापाने सांगायचे.

२००७ मध्ये ७५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. इंटरफेरॉनवर आजार सुमारे ५ महिने आटोक्यात राहिला, सुनिटिनिबवर ११ महिने. आणि रुग्णांनी नोंदवलेली जीवनगुणवत्ताही सुनिटिनिबच्याच बाजूने होती. तिन्ही मोजमापे एका दिशेने गेली की वाद उरत नाही.

वाद २०१३ मध्ये उभा राहिला. ‘कॉम्पार्झ’ चाचणीत १,११० रुग्णांमध्ये सुनिटिनिब आणि पाझोपॅनिब यांची तुलना झाली. आजार रोखण्यात पाझोपॅनिब कमी ठरले नाही, आयुर्मानही जवळपास सारखे निघाले. मग पारडे कशाने झुकणार? जीवनगुणवत्तेच्या बहुतेक निकषांवर पाझोपॅनिब सरस ठरले. २०१४ मधील ‘पिसीस’ चाचणीत रुग्णांनी दोन्ही औषधे, कोणते कधी हे न कळता, आळीपाळीने घेतली. ७० टक्क्यांनी पाझोपॅनिब निवडले, २२ टक्क्यांनी सुनिटिनिब.

आक्षेप आला तो तारखेवर. सुनिटिनिब चार आठवडे घेऊन दोन आठवडे थांबवतात. पाझोपॅनिब रोज घेतात. ‘कॉम्पार्झ’मध्ये प्रश्नावली २८व्या दिवशी भरून घेतली जाई, म्हणजे सुनिटिनिबचा त्रास शिगेला असताना आणि विश्रांती सुरू होण्यापूर्वी. त्या दोन आठवड्यांतला आराम मोजमापात उतरलाच नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. कधी विचारले, यावरही उत्तर अवलंबून असते.

कोणत्या भाषेत आणि कोणाला विचारले, यावरही ते अवलंबून असते. हा मुद्दा भारतात आधीच पुढे आला होता. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील संतोष चतुर्वेदी यांनी १९९१ मध्ये दाखवले की भारतीय कर्करुग्ण मनःशांती, आध्यात्मिक समाधान आणि कुटुंबाचे सुख यांना मोठे स्थान देतात, पाश्चात्त्य प्रश्नावल्यांचा भर मात्र शारीरिक कार्यक्षमतेवर होता. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ‘क्यूएलक्यू-सी३०’ची हिंदी व मराठी रूपे डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांवर तपासली गेली, तर ‘फॅक्ट-जी’चे मल्याळम रूप तिरुवनंतपुरममध्ये.

भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग रुग्णांवर चाचणी, असा हा मार्ग असतो. ‘एफकेएसआय’मध्येच त्राण नसणे आणि थकवा ही दोन वेगळी विधाने आहेत. रुग्णाला दोन्ही एकच वाटली, तर एकच त्रास दोनदा मोजला जातो आणि गुणांची बेरीज फसवी ठरते. औषधाचा निवाडा ज्या आकड्यावर व्हायचा, तो आधी रुग्णाच्या भाषेत खरा ठरावा लागतो.