मूठभर डॉलर आणि परकी जमीन

१९६४ च्या सप्टेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी एक चित्रपट गाजावाजा न होता लागला. नाव ‘ए फिस्टफुल ऑफ डॉलर्स’, म्हणजे मूठभर डॉलर. दिग्दर्शक म्हणून झळकलं बॉब रॉबर्टसन हे नाव. माणूस होता रोमचा सर्जियो लिओने. खलनायक ‘जॉन वेल्स’ म्हणजे जान मारिया व्होलोन्ते, तर संगीतकार ‘डॅन सॅव्हियो’ म्हणजे एन्यो मॉरिकोने. काऊबॉयचा सिनेमा अमेरिकनांनीच करावा, अशी समजूत होती. इटालियन माल कोण बघणार, म्हणून ही उसनी नावं!

खर्च दोन-सव्वादोन लाख डॉलरचा. मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव स्पेनमध्ये उभं केलेलं. नायक क्लिंट ईस्टवुड तेव्हा अमेरिकन टीव्ही मालिकेतला नट. त्याला मिळाले १५ हजार डॉलर. मोठा वाद्यवृंद परवडेना, तेव्हा मॉरिकोने यांनी शीळ, चाबकाचा फटकारा आणि गिटार यांतून संगीत उभं केलं. संवाद मागाहून ध्वनिमुद्रित व्हायचे. ईस्टवुडनं आपले संवाद कमी करून घेतले. नायक थोडं बोलतो, बाकीचं डोळे बोलतात. गरिबीतून अशी एक शैली जन्मली.

तोंडी प्रसिद्धीवर चित्रपट इटलीभर चालला. मग मूळ मालक दारात आला. अकिरा कुरोसावा यांच्या १९६१ च्या ‘योजिम्बो’त एकटा सामुराई दोन टोळ्यांना झुंजवतो, लिओने यांनी तीच कथा न विचारता घेतली होती. तोहो कंपनीनं दावा लावला. जगभरच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा देऊन तडजोड झाली. अमेरिकेत चित्रपट लागायला जानेवारी १९६७ उजाडला. तिथल्या समीक्षकांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ हे हिणवणारं नाव पुढं प्रकाराचंच नाव झालं.

१९७५ मध्ये अमेरिकन टीव्हीनं तर कमाल केली. नायक पैशासाठी माणसं मारतो, हे घरोघरी कसं दाखवायचं? म्हणून सुरुवातीला नवाच प्रसंग चिकटवला. एक तुरुंगाधिकारी नायकाला माफीच्या मोबदल्यात गाव साफ करायला पाठवतो. पाठमोरा नायक अर्थातच दुसरा नट!

उर्दू-मराठी गझलेत दुसऱ्याच्या ‘जमिनी’वर, म्हणजे त्याचंच वृत्त, काफिया, रदीफ घेऊन लिहिण्याची रीत आहे. त्यात कमीपणा नाही. पण जमीन कुणाची, हे मैफलीला ठाऊक असावं लागतं. कुरोसावा स्वतः जॉन फोर्ड यांच्या अमेरिकन वेस्टर्नपटांचे चाहते. आपल्या ‘शोले’तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लिओने यांच्याच १९६८ च्या एका चित्रपटाची आठवण देतं. कथा अशा देशोदेशी फिरतात, फिराव्यातच. लिओने यांनी घेतलेल्या जमिनीवर स्वतःचं पीक काढलं, यात शंका नाही. पण मालकाचं नाव पडद्यावर घातलं असतं, तर त्या पिकाचा एक दाणाही कमी झाला नसता.