तळटीप : ऊन आणि पाण्याची ओढ

* उन्हाने होणारे नुकसान आणि पाण्याची ओढ बसल्याने होणारे नुकसान यांची लेखकाने इथे सरळ बेरीज केली आहे. पीक असला हिशेब मानत नाही. ऊन तापले, पण मुळाशी ओल असली, तर पानांवरची पर्णरंध्रे उघडतात, पाण्याची वाफ होऊन जाते आणि पान गार राहते. नुसती ओढ बसली तर हीच रंध्रे मिटतात. दोन्ही एकदम आले की झाड पेचात सापडते: रंध्रे बहुधा मिटलेलीच राहतात आणि पान आणखी तापते. रॉन मिटलर यांच्या गटाने २००२मध्ये तंबाखूवर आणि २००४मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपावर हे तपासले. ओढ बसली की ॲराबिडॉप्सिस प्रोलीन हे अमिनो आम्ल साठवते. उष्णतेची भर पडताच प्रोलीनऐवजी साखर साठवू लागते. (तापलेल्या पेशीला प्रोलीन बाधत असावे, असा त्यांचा कयास.) आपल्याकडे अशा ताणांच्या अभ्यासासाठी बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९मध्ये राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढील कोष्टकातले बेरजेचे आकडे वाचकांनी जपूनच वापरावेत. — संपा.